मागे राहणारी परिचारिका

सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकेतील देशात, एका जिल्हा रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया वॉर्डात मी चार महिने स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केले. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘व्हॉलंटियर’ असे ठळक छापलेले होते. पहिल्याच आठवड्यात, रात्रपाळीला माझ्याबरोबर असलेल्या तिथल्या परिचारिकेने औषधांचा ट्रे लावता लावता मला सांगितले की तीही व्हॉलंटियरच आहे. ती एखाद्या संस्थेकडून आली असावी असे मला वाटले, पण तसे नव्हते. तिने परिचर्येचे शिक्षण पूर्ण केले होते, परीक्षा दिली होती, तिची नोंदणी झाली होती आणि पाच वर्षे ती त्याच वॉर्डात तिन्ही पाळ्या करत होती. मात्र सरकारी पगारपत्रकावर नाव चढण्यासाठी जो क्रमांक लागतो, ज्याला तिथे सगळे ‘पिन कोड’ म्हणतात, तो तिला मिळालेला नव्हता. पिन कोड नाही म्हणून पगार नाही, आणि असा पगार नसलेला आरोग्य कर्मचारी त्या देशात व्हॉलंटियर म्हणून ओळखला जातो. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा मोठा भार अशाच बिनपगारी माणसांच्या खांद्यावर आहे. मी निघण्यापूर्वी आमच्या तालुक्यात माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला होता आणि स्थानिक वर्तमानपत्रात छायाचित्रही आले होते. ती मात्र त्या रात्रीची पाळी संपवून, सकाळी घरी जायला भाड्याचे पैसे नाहीत म्हणून चालत निघाली.

एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या या दोन बायकांमधले अंतर हाच या लेखाचा विषय आहे. परदेशातील वैद्यकीय मोहिमेवर परिचारिकेने स्वयंसेवक म्हणून जावे का, या प्रश्नाकडे आपण आजवर जाणाऱ्या व्यक्तीच्या बाजूने पाहत आलो आहोत: तिचा त्याग, तिची तयारी, तिला आलेले अनुभव. माझे म्हणणे असे की हा प्रश्न मागे राहणाऱ्या परिचारिकेच्या बाजूने विचारला पाहिजे. आपल्या जाण्याने तिचे काम हलके झाले की जड झाले, ही एकच कसोटी मी मानते, आणि ती प्रामाणिकपणे लावली तर दहा-बारा दिवसांच्या ज्या परदेशी शिबिरांचे आपण कौतुक करतो त्यातली अनेक शिबिरे आहेत त्या स्वरूपात चालू ठेवता येणार नाहीत. मी स्वतः अशा एका शिबिराचा भाग होते, म्हणून हे लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

शस्त्रक्रिया हा अशा मोहिमांचा केंद्रबिंदू असतो. वर्तमानपत्रातल्या बातमीत शस्त्रक्रियांचा आकडा असतो, देणगीदारांना पाठवायच्या अहवालात तोच असतो, आणि पथक निवडतानाही आधी सर्जन, मग भूलतज्ज्ञ, मग उरलेल्या जागांत परिचारिका असा क्रम असतो. परंतु रुग्ण कोठे दगावतो याचा शोध घेतला तर हा क्रम उलटा करावा लागेल. २०१८ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आफ्रिकेतील शस्त्रक्रियांच्या परिणामांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २५ देशांतील २४७ रुग्णालयांमधल्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांची नोंद होती. हे रुग्ण वयाने तुलनेने तरुण होते, त्यांची जोखीमही कमी होती, तरीही शस्त्रक्रियेनंतर त्यांचे मरण्याचे प्रमाण जागतिक सरासरीच्या दुप्पट निघाले. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की दहापैकी नऊहून अधिक मृत्यू शस्त्रक्रियेच्या टेबलावर झाले नाहीत. ते त्यानंतरच्या दिवसांत, वॉर्डात झाले. ज्या जागेची जबाबदारी परिचारिकेवर असते, तिथे माणसे मरत होती.

वॉर्डात माणूस कसा मरतो हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते, कारण ते फार शांतपणे घडते. संध्याकाळी नाडी ८८ असते, दहा वाजता १०४ होते, मध्यरात्री १२० होते. लघवीच्या पिशवीत दोन तासांत जेमतेम बोटभर पाणी उतरलेले असते. हातपाय गार पडू लागतात. नातेवाईक म्हणतात, आता बरा वाटतोय, शांत झोपला आहे. हे ‘शांत झोपणे’ आणि खरी झोप यांतला फरक ओळखायला यंत्र लागत नाही. दर तासाला खाटेपाशी जाऊन हात लावणारी, मागचा आकडा लक्षात असलेली आणि डॉक्टरांना झोपेतून उठवायला न कचरणारी परिचारिका लागते. पन्नास रुग्णांमागे एक परिचारिका असेल तर ती दर तासाला प्रत्येक खाटेपाशी जाऊ शकत नाही. हे गणित आफ्रिकेत जितके खरे आहे तितकेच आपल्याकडच्या कोणत्याही सिव्हिल हॉस्पिटलच्या रात्रपाळीत खरे आहे.

‘लॅन्सेट’मधला तो अभ्यास करणाऱ्या संशोधकांच्या गटाने पुढे एक मोठी चाचणी केली. जोखमीच्या रुग्णांची खाट परिचारिकेच्या टेबलासमोर हलवणे, त्यांच्या नोंदी अधिक वेळा घेणे, नातेवाइकांना जवळ बसू देणे, अशा उपायांनी मृत्यू कमी होतात का हे अनेक देशांतल्या शेकडो रुग्णालयांत तपासले गेले. मृत्यू कमी झाले नाहीत. माझ्या बाजूचा पुरावा तेवढा सांगून थांबू नये म्हणून हेही इथे नोंदवते. मी त्याचा अर्थ असा लावते की हात न वाढवता लक्ष वाढवा असे सांगून उपयोग होत नसतो. परंतु त्यातून माझ्याच क्षेत्रातल्या लोकांनीही एक धडा घ्यायला हवा: परदेशातून येऊन दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यायचे, भिंतीवर तक्ते लावायचे आणि परिचर्या सुधारली असे मानायचे, हा मार्गही पोकळ आहे.

माझ्या पहिल्या मोहिमेविषयी आता लिहायला हवे. ती सुरुवातीला सांगितलेल्या चार महिन्यांच्या अनेक वर्षे आधीची, बारा दिवसांची होती आणि त्याच रुग्णालयात होती. आमच्या पथकाने रोज सकाळी सात ते रात्री नऊपर्यंत शस्त्रक्रिया केल्या. त्यात सात-आठ वर्षांचा एक मुलगा होता. उकळते पाणी अंगावर सांडून भाजल्यानंतर त्याचे उजवे कोपर आखडले होते आणि हात खांद्याला चिकटल्यासारखा वर राहत असे. सर्जनने आखडलेली कातडी सोडवली, मांडीची कातडी काढून तिथे लावली, हात सरळ केला, आणि तो तसाच राहावा म्हणून मागून स्प्लिंट बांधला. भाजलेल्या सांध्यावरच्या अशा शस्त्रक्रियेत सर्जनचे काम दोन-तीन तासांचे असते आणि त्यानंतरचे काम कित्येक महिन्यांचे. लावलेली कातडी आक्रसत जाते, म्हणून स्प्लिंट महिनोन्‌महिने बांधावा लागतो, रोज तेल लावून चोळावे लागते, व्यायाम करून घ्यावे लागतात. हे सगळे मी त्याच्या आजीला नीट समजावून सांगितले. माझ्या इंग्रजीचे दुभाष्याने क्रिओ या तिथल्या सामायिक भाषेत रूपांतर केले. आजीने मान हलवली. आजीची भाषा टेम्ने होती आणि तिला क्रिओ जेमतेम कळत होती, हे मला अनेक वर्षांनी, दुसऱ्या मोहिमेत कळले.

आम्ही निघालो त्या दिवशी वॉर्डात आमचे तीसच्या वर रुग्ण होते. काहींचे पहिले ड्रेसिंगही उघडायचे होते. आम्ही आणलेले पॅराफिन गॉज (जखमेला न चिकटणारी जाळीदार पट्टी) आणि निर्जंतुक पट्ट्या संपत आल्या होत्या. तिथल्या परिचारिकांना आम्ही कागदावर सूचना लिहून दिल्या, सगळ्यांनी मिळून छायाचित्र काढले आणि आम्ही विमानतळाकडे निघालो. त्यांच्या वॉर्डातले नेहमीचे रुग्ण होतेच. त्यांत आमच्या रुग्णांची भर पडली, पण परिचारिका तितक्याच राहिल्या. मी निवृत्त झाल्यावर चार महिन्यांसाठी परत गेले, तेव्हा ड्रेसिंगची जुनी नोंदवही मला पाहायला मिळाली. तिच्या मागच्या पानांवर ‘व्हिजिटिंग टीम’ असा मथळा घालून आमच्या रुग्णांची नावे लिहिली होती आणि पुढे ती बाई किंवा तो माणूस किती वेळा परत आला याच्या खुणा होत्या. काही नावांपुढे एकही खूण नव्हती. त्या मुलाच्या नावापुढे दोन खुणा होत्या आणि शेवटी एक ओळ होती: स्प्लिंट घरी काढला, हात पुन्हा आखडला. त्या वहीत आमच्याविषयी तक्रारीचा एक शब्द नव्हता. ज्या परिचारिकेने ती वही ठेवली होती तिला ती ठेवण्याचे पैसे मिळत नव्हते.

आमच्या अहवालात तो मुलगा यशस्वी शस्त्रक्रियांमध्ये मोजला गेलेला आहे.

मी हे एका संस्थेला दोष देण्यासाठी लिहीत नाही. पथकातली माणसे भली होती, कष्टाळू होती, आणि कित्येकांनी तिकिटाचा खर्च स्वतः केला होता. दोष रचनेत होता. आणि अशा रचनेचा दोष आजचा नाही. ज्या मोहिमेपासून आधुनिक परिचर्येचा इतिहास सांगितला जातो ती १८५४ सालची, क्रिमियन युद्धातल्या सैनिकांसाठी तुर्कस्तानातील स्कुटारीला गेलेली मोहीमही परदेशी वैद्यकीय मोहीमच होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांना घेऊन इंग्लंडहून निघाल्या आणि नोव्हेंबरमध्ये तिथे पोहोचल्या. त्यांनी स्वच्छता, अन्न, कपडे, बिछाने यांची घडी बसवली, रात्रंदिवस शुश्रूषा केली, आणि तरीही त्या हिवाळ्यात सैनिक मोठ्या संख्येने मरत राहिले, कारण इमारतीखालची गटारे तुंबलेली होती आणि आत हवा खेळत नव्हती. १८५५ च्या मार्चमध्ये स्वच्छता आयोग आला, गटारे उपसली गेली, हवेची सोय झाली आणि मृत्यू झपाट्याने घटले. नाइटिंगेलबाईंनी इंग्लंडला परतल्यावर विल्यम फार या सांख्यिकी तज्ज्ञाबरोबर आकडे तपासले, त्यांतून जे दिसले ते स्वीकारले आणि पुढचे आयुष्य रुग्णालयांच्या रचनेवर, नोंदींवर आणि परिचारिकांच्या शिक्षणावर घालवले. दरवर्षी १२ मे रोजी आम्ही परिचारिका मेणबत्त्या पेटवून शपथ घेतो, तेव्हा हातात दिवा घेतलेली बाई आम्हाला आठवते. तिने गटारांचा जो हिशेब मांडला तो आमच्या शपथेत कुठेही नाही, आणि मला ही उणीव दरवर्षी अधिक खटकते.

याउलट, जे टिकले त्याचे उदाहरण शोधायला मला दूर जावे लागत नाही. परदेशी वैद्यकीय मोहीम स्वीकारणारा प्रदेश म्हणून आपला स्वतःचा अनुभव आहे. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले आणि १९२८ पर्यंत ते इथे राहिले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचाही होता आणि त्यावर आक्षेप घेणाऱ्यांचा हक्क मला मान्य आहे. परंतु परिचर्येच्या दृष्टीने पाहिले तर या मिशन हॉस्पिटलने केलेली मोठी गोष्ट म्हणजे इथल्या मुलींना परिचारिका म्हणून शिकवून तयार करणे. मिरज आज ज्या रुग्णसेवेसाठी ओळखली जाते तिची मुळे जितकी शस्त्रक्रियागृहात आहेत तितकीच त्या प्रशिक्षणात आहेत. सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागातल्या माझ्या पिढीच्या कित्येक परिचारिकांना शिकवणाऱ्या सिस्टरांनी आपले शिक्षण कुठे घेतले याचा माग काढला तर तो मिरजेपाशी पोहोचतो. वॉन्लेस चाळीस वर्षे दरवर्षी बारा दिवस येत राहिले असते तर यातले काय उभे राहिले असते?

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव मराठी माणसाला सांगावे लागत नाही. १९३८ साली काँग्रेसने चीनला जे वैद्यकीय पथक पाठवले त्यात सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते, एकूण पाच जण होते, आणि पाचही डॉक्टर होते. पथकात एकही परिचारिका नव्हती, ही गोष्ट आपल्याकडे कोणी बोलून दाखवत नाही. कोटणीस मात्र तिथे राहिले, चिनी भाषा शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४१ मध्ये त्यांनी ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. त्या परिचर्या शिकवत असत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे तिथेच निधन झाले. आपण त्यांच्या बलिदानाचे स्मरण करतो ते योग्यच आहे, पण मला त्यांची भाषा शिकण्याची चिकाटी अधिक अनुकरणीय वाटते, कारण बलिदान मागता येत नाही, भाषा मात्र मागता येते. चार महिन्यांत मला क्रिओ भाषेतले दोन-अडीचशे शब्द आले. सकाळी खाटेपाशी जाऊन ‘हाउ दि बॉडी?’ असे विचारले की रुग्ण हसत आणि मग दुखणे कुठे आहे ते सांगत. पहिल्या मोहिमेत मी त्याच माणसांना बोटाने दाखवायला सांगत होते, आणि माणूस बोटाने पोट दाखवू शकतो, भीती दाखवू शकत नाही.

या भूमिकेवर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला सर्वांत वजनदार आक्षेप असा की काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळालेले बरे. जगातील सुमारे पाच अब्ज लोकांना सुरक्षित शस्त्रक्रिया वेळेवर आणि परवडेल अशी मिळत नाही, असे ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१५ मध्ये म्हटले होते. मग दुभंगलेल्या ओठाचे मूल बारा दिवसांच्या शिबिरात बरे होत असेल तर ते नाकारायचे का? नाही. ज्या शस्त्रक्रियेनंतरची काळजी थोड्या दिवसांची आणि सोपी असते तिथे अल्पकाळाच्या पथकाला जागा आहे, पण त्याही ठिकाणी शेवटची शस्त्रक्रिया आणि परतीचे विमान यांच्यामध्ये पुरेसे दिवस राखून ठेवावे लागतात, आणि परिचारिकांचा एक गट सर्जन गेल्यावरही मागे ठेवावा लागतो. ‘मर्सी शिप्स’ ही १९७८ पासूनची संस्था आपले रुग्णालय-जहाज आफ्रिकेतल्या एकेका बंदरात कित्येक महिने उभे करते. तिथल्या परिचारिका बिनपगारी काम करतात आणि आपला काही खर्चही स्वतः उचलतात. त्या संस्थेच्या प्रत्येक गोष्टीशी मी सहमत नाही. तरी रुग्ण बरा होईपर्यंत जहाज हलत नाही या गोष्टीला माझ्या लेखी फार मोल आहे. ‘थोडे मिळालेले बरे’ हा युक्तिवाद ज्या मुलाचा हात पुन्हा आखडला त्याच्यासमोर टिकत नाही. त्याच्या मांडीवर एक जादा व्रण मात्र राहिला.

दुसरा आक्षेप संकटकाळाविषयी आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. काही वेळा बाहेरून माणसे आलीच पाहिजेत. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये इबोलाने अकरा हजारांहून अधिक माणसे गेली. त्यात तिथले पाचशेहून अधिक आरोग्य कर्मचारी होते. सिएरा लिओनमधील केनेमा येथील सरकारी रुग्णालयात लासा तापाच्या (पश्चिम आफ्रिकेतल्या एका विषाणूजन्य तापाच्या) वॉर्डाच्या प्रमुख परिचारिका म्बालू फॉनी या आजारी सहकारी परिचारिकेची शुश्रूषा करताना संसर्ग होऊन जुलै २०१४ मध्ये मरण पावल्या. अनेक वर्षे त्या वॉर्डाचा कणा असलेली ही बाई गेल्यावर तिच्या जागी उभी राहू शकेल अशी परिचारिका तयार करायला किती वर्षे लागतात, हे कुठल्याही मेट्रनला विचारावे. त्या ऑक्टोबरमध्ये क्यूबाने सिएरा लिओनला १६५ जणांचे पथक पाठवले. त्यात परिचारक-परिचारिकांची संख्या डॉक्टरांहून जास्त होती, त्यांना निघण्यापूर्वी संरक्षक पोशाख घालण्या-उतरवण्यापासूनचे प्रशिक्षण दिले गेले होते, आणि ते सहा महिन्यांच्या बोलीवर गेले होते. संकटातसुद्धा पथक कसे पाठवावे याची उत्तरे त्या तीन गोष्टींत आहेत. उत्साही माणसांनी मिळेल त्या विमानाने जाणे ही मदत नसते. २०१० च्या हैती भूकंपानंतर अशा अप्रशिक्षित गर्दीचा अनुभव आल्यावरच जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये परदेशी वैद्यकीय पथकांसाठी किमान निकष ठरवले.

तिसरा आक्षेप आपल्याकडे हमखास घेतला जातो: मेळघाट आणि गडचिरोली सोडून आफ्रिकेत जायचेच कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी फारच थोडे स्वतः मेळघाटात जातात, पण त्यामुळे प्रश्न खोटा ठरत नाही. भारतातच परिचारिका कमी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील ७८ टक्के परिचारिका ज्या देशांत आहेत तिथे जगाची फक्त ४९ टक्के लोकसंख्या राहते, आणि आपण त्या भाग्यवान देशांत मोडत नाही. माझे उत्तर एवढेच की करुणेला सरहद्द घालता येत नाही, कसोटी मात्र दोन्हीकडे एकच लावता येते. मेळघाटात दोन दिवसांचे शिबिर घेऊन परतणारे पथक आणि आफ्रिकेत बारा दिवसांचे शिबिर घेऊन परतणारे पथक यांच्यात मला फरक दिसत नाही. आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानात वर्षानुवर्षे कंत्राटी नेमणुकीवर, दर वर्षी मुदतवाढीची वाट पाहत काम करणारी आपली परिचारिका आणि पिन कोडची वाट पाहणारी ती सिएरा लिओनची परिचारिका या एकाच प्रश्नाच्या दोन पायऱ्यांवर उभ्या आहेत. आपल्या परिचारिकेला थोडा पगार मिळतो, तिथल्या परिचारिकेला तोही नाही.

पैशाचा प्रश्न म्हणूनच टाळता येणार नाही. मुंबईहून सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउनला जाऊन येण्याच्या एका तिकिटाच्या रकमेत तिथल्या परिचारिकेचा कित्येक महिन्यांचा पगार निघतो. आठ परिचारिकांचे पथक बारा दिवसांसाठी नेण्याऐवजी दोनच न्याव्यात, चार महिन्यांसाठी न्याव्यात, आणि उरलेल्या पैशांतून त्या वॉर्डातल्या बिनपगारी परिचारिकांना त्या काळापुरते आणि त्यानंतरचे काही महिने मानधन द्यावे, असे मी अनेक संस्थाचालकांना सुचवले आहे. त्यांचे उत्तर असते की देणगीदार पथकासाठी पैसे देतात, पगारासाठी देत नाहीत. हे खरे आहे, आणि देणगीदार आपणच आहोत. आपल्याला छायाचित्रात आपल्या गावची सिस्टर दिसायला हवी असते. तिच्याशेजारी उभी असलेली, जिचे नावही आपल्याला ठाऊक नाही अशी बाई उद्या काय खाईल, हे आपण विचारत नाही.

नोंदणीचा मुद्दा त्याहून सरळ आहे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी नसलेली, मराठीचा एक शब्द न येणारी एखादी परदेशी बाई उद्या सांगलीच्या सिव्हिलमध्ये येऊन रुग्णांना इंजेक्शने देऊ लागली तर आपण ते चालू देऊ का? परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख परिचारिका, म्हणून मी तिला पहिल्या मिनिटाला थांबवले असते. मग ज्या देशात आपण जातो तिथल्या परिचर्या मंडळाची तात्पुरती नोंदणी घेतल्याशिवाय, तिथल्या इन्चार्ज सिस्टरच्या हाताखाली नाव लावल्याशिवाय आपण रुग्णाला हात लावू नये. पहिल्या मोहिमेत मी त्या इन्चार्जला सूचना देत होते. दुसऱ्या वेळी तिने माझी ड्युटी लावली, आणि ऑक्सिजनचा एकच कॉन्सन्ट्रेटर तीन मुलांत कसा फिरवायचा, वीज गेल्यावर काय करायचे, रक्त लागले तर कुठल्या नातेवाइकाला आधी हाक मारायची, हे मी तिच्याकडून शिकले. जामखेडला आरोळे दाम्पत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात परदेशातून माणसे येतात ती मुख्यतः शिकायला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत फारसे औपचारिक शिक्षण न झालेल्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्या असतात. स्वयंसेवकाची खरी जागा कुठे आहे हे मला जामखेडने दाखवले. आफ्रिकेत मी ते फक्त पुन्हा पाहिले.

चार महिने कोण देऊ शकते, हा या सगळ्यातला अवघड भाग आहे. आज तरी निवृत्त बायका आणि ज्यांच्या घरी दुसरा पगार आहे अशाच परिचारिका देऊ शकतात. सरकारी सेवेतल्या परिचारिकेला विनावेतन असाधारण रजा मागता येते, पण तिचा काळ सेवाज्येष्ठतेला आणि निवृत्तिवेतनाला धरला जाईल की नाही या चिंतेने ती अर्जच करत नाही. मान्यताप्राप्त मोहिमेसाठी किमान तीन महिन्यांची रजा घेतली तर तो काळ सेवेत धरला जाईल, असा नि:संदिग्ध नियम सार्वजनिक आरोग्य विभागाने करावा, आणि मान्यता देताना संस्थेने मागे राहणाऱ्या रुग्णांची आणि परिचारिकांची काय व्यवस्था केली आहे ते लेखी मागावे. खासगी रुग्णालयांनीही तसेच करावे. परतलेल्या परिचारिकेच्या हातांना यंत्राशिवाय रुग्ण ओळखण्याची सवय लागलेली असते, आणि त्याचा फायदा त्यांच्याच वॉर्डांना होतो.

गेल्या महिन्यात माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीचा फोन आला. एका संस्थेबरोबर पूर्व आफ्रिकेत जायची संधी तिला मिळते आहे. “मॅडम, जाऊ का?” असे तिने विचारले. मी तिला संस्थेला तीन प्रश्न विचारायला सांगितले. तिथे माझी ड्युटी कोण लावणार? आपण निघू त्या दिवशी वॉर्डात आपले किती रुग्ण असतील? आणि त्यांचे ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेला पगार कोण देते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तिला आठवड्याभरात मिळाली आणि ती समाधानकारक आहेत. तिसऱ्याचे उत्तर अजून आलेले नाही. ते येईपर्यंत रजेचा अर्ज देऊ नकोस, असे मी तिला सांगितले आहे.